कुड्याच्या पानातला तांदूळ

भद्रावती,
५ डिसेंबर

प्रिय इसरू,

सेवा जोहार.

आम्ही इकडे सगळे ठीक आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. तुमच्याकडे धान कापून झालं असेल. या वर्षी रानडुकरांनी किती खाल्लं आणि तुला किती ठेवलं ते कळव. सोमारीवहिनींची कंबर कशी आहे?

पत्र पाहून तू म्हणशील, याला आता लिहायची हौस आली. हौस नाही बाबा. तुझा फोन लागत नाही. एकदा लागला तो वहिनींनी उचलला, "ते धानाच्या बांधीत गेले जी" म्हणाल्या आणि रेंज गेली. गेली की घालवली, ते विचारत नाही. कागदाला रेंज लागत नाही, म्हणून कागद.

काकांच्या वेळी मी आलो नाही. धानोऱ्याच्या दुकानातून तुझा फोन आला तेव्हा मी फॅक्टरीच्या स्टोअरमध्ये होतो. तू एवढंच म्हणालास, "बाप गेला. काकीले घेऊन ये." मी हो म्हणालो. मग पाऊस लागला, नाल्यावरचा पूल बुडाल्याचं कळलं, आणि त्याच आठवड्यात आईच्या रक्ताचा रिपोर्ट खराब आला. डॉक्टरांनी तिला प्रवास नको आणि मनाला धक्काही नको म्हणून सांगितलं. एक कारण दिलं असतं तर तुला पटलं असतं. तीन दिली की संशय येतो, हे मलाही कळतं. पण तिन्ही खरी आहेत.

आईने काकांचं फार मनाला लावून घेतलं आहे. खरं तर त्यासाठीच हे लिहितोय. ती जेवत नाही.

म्हणजे अगदीच जेवत नाही असंही नाही. सकाळी कोऱ्या चहात अर्धी पोळी भिजवून खाते. पोळी तिला चावत नाही, तिची दाढ एकही जागेवर नाही. उकडलेलं अंडं दिलं तर खाते, पण भाताशिवाय अंडं हे तिच्या लेखी जेवण नाही. आणि भात वाढला की ताट जवळ घेते, वाकून वास घेते आणि म्हणते, "मले भूक नाई." भातावर वाढलेली ही बाई भातालाच नाही म्हणते, हे मला कळत नाही. दिवाळीपर्यंत ठीक होती. काका गेले गणपतीनंतर आणि तिची भूक गेली दिवाळीनंतर. दुःख असं उशिरा उमटतं म्हणतात. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, असू शकतं. त्यांना काहीही विचारलं तरी ते असू शकतं म्हणतात.

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी एक छापील कागद दिला. त्यात लिहिलंय : भात कमी, दूध दोन वेळा, पनीर, मोड आलेली कडधान्यं. आता आईला दूध कोण पाजणार? तू आणि मी आश्रमशाळेत दूध प्यायला लागलो, तेव्हा ती म्हणाली होती की ते वासराचं आहे, तुम्ही काय वासरं आहात का? अजून तेच म्हणते. तिकडे नागपुरात आपल्या बहिणीने, दिव्याने, तिच्या ओळखीच्या एका आहारवाल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, या वयात भात तोडू नका, तब्येत ढासळेल. शेजारचे निवृत्त फोरमन आहेत, त्यांच्या पुण्यातल्या मुलाने त्यांना संध्याकाळचं जेवण बंद करायला सांगितलंय आणि ते म्हणे खूप हलके झालेत. एका शहरात म्हातारी माणसं भात सोडून जगतात, दुसऱ्या शहरात भात खाऊन जगतात आणि तिसऱ्यात न जेवता. आमच्या घरात सगळेच कागद फ्रिजवर चिकटवलेत आणि ज्या बाईसाठी चिकटवलेत ती खिडकीत बसून रस्त्याकडे बघते.

काकांनी मागच्या वर्षी आणलेल्या तांदळाचं पोतं होतं. ते पुरवून पुरवून दिवाळीपर्यंत नेलं. आता दुकानाचा आणतो, चांगला, पॉलिश केलेला. बरं, तुला विचारायचं ते हे : गावी ती काय खायची? तुझ्या आईच्या मागे तू तिच्याच मांडीवर वाढलास, मी तर पहिलीपासून आश्रमशाळेत आणि तू पुष्कळ नंतर आलास. मला आठवतं ते सुटीतलं : पेज, आंबाडी, पावसाळ्यात बांबूचे कोवळे वास्ते, सुकी मासळी. रोजचं काय होतं? कशाने तिला जेवावंसं वाटेल? तुला ठाऊक असेल ते लिही. डॉक्टरांना सांगता येईल.

ती रोज एकच विचारते, "गावाकडून काई निरोप आला का?" मी म्हणतो, रेंज नाही.

वहिनींना जोहार. उत्तर लिही, रागाने लिहिलंस तरी चालेल.

तुझा,
लोकेश


भद्रावती,
२४ जानेवारी

प्रिय इसरू,

सेवा जोहार.

तुझं उत्तर आलं नाही. आता येईल याची मी वाट बघत नव्हतो असं लिहिणार होतो, पण ते खोटं झालं असतं. संध्याकाळी घरी आलो की आधी दाराच्या फटीत बघतो.

इकडे जे घडलं ते इतकं चक्रावून टाकणारं आहे की कोणाला तरी सांगितलंच पाहिजे आणि हे तुलाच कळेल.

डिसेंबरात दिव्या आईला नागपूरला घेऊन गेली. म्हणाली, तुझ्याकडे वाळत चालली आहे, जरा माझ्याकडे राहू दे. मी मनातून दुखावलो, पण पाठवलं. संक्रांतीला आणायला गेलो तर दारात आई उभी! गालावर मांस, आवाजात दम. दिव्या म्हणाली, दोन्ही वेळा भात खाते, वरून मागून घेते. मी तिला आनंदाने घेऊन आलो. इथे आल्यावर दोन-तीन दिवसांत पुन्हा ताटाचा वास आणि पुन्हा "भूक नाई". चंद्रपूरच्या डॉक्टरांना दाखवलं तर त्यांनी वजनाचे आकडे पाहून विचारलं, "नागपूरला कोणतं औषध चालू होतं?" कोणतंच नव्हतं. मग ते हवापालट म्हणाले. भद्रावती आणि नागपूरच्या हवेत असा काय फरक आहे? धूळ दोन्हीकडे आहे.

घरात मात्र वेगळंच पेटलं. माझ्या दीपालीला तू ओळखतोस, गोंडपिपरीची, शेतकऱ्याघरची. कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशी तिने परात आपटली. "मी काय विस घालतो का जेवनात? पोरीच्या घरी दोन ताटं खाते आनि माह्या घरी वास घेते." मी समजूत घालायला गेलो तर मलाच ऐकावं लागलं. तिला वाटत होतं, आपण गोंडांच्या नाही म्हणून सासू आपल्या हातचं टाळते. इतक्या वर्षांनी तिच्या मनात हे आलं, याचं मला फार वाईट वाटलं.

उत्तर तिनेच काढलं. दिव्याला फोन लावून तिने स्वयंपाकाचं बारीकसारीक विचारलं, अगदी वकील विचारतात तसं. त्यात निघालं ते असं. दिव्याच्या सासूबाईंचं माहेर सिंदेवाहीकडचं. त्यांच्या घरी नवा तांदूळ खायचा नाही, पचायला जड म्हणून. माहेरचं धान वर्षभर कोठीत ठेवतात आणि मगच भरडतात. पहिल्या दिवशी आईने तिथला तांदूळ समोरच्या दाताने फोडून पाहिला आणि विचारलं, "हा मागच्या सालचा का बाई?" सासूबाई हो म्हणाल्या. आई जेवायला बसली.

दीपालीने फोन ठेवला आणि आईसमोर जाऊन बसली. "आई, तुमी नवा तांदूळ काऊन नाई खात जी?"

आई म्हणाली, "नव्याचा निरोप नाई आला."

एवढंच. जसं काही हे सगळ्यांना माहीतच आहे.

इसरू, मला ते माहीत असायला हवं होतं ना? मी तर हे साफ विसरून गेलो होतो. आश्रमशाळेतून नव्याच्या पंडुमला सुटी मिळायची, कुड्याच्या पानावर नवा भात मिळायचा, बस, मला तो गोड सण म्हणून आठवतो. गावाच्या पूजेचा मान असलेल्या गायताने देवाला आणि पूर्वजांना दिल्याशिवाय वर्षाचं नवं धान्य तोंडात घालायचं नाही, हे त्यातलं मुख्य, आणि तेच माझ्या डोक्यातून गळलं. इथे काय, दुकानात दिवाळीपासून नवा तांदूळ येतो. कोणी विचारत नाही. मी तिला रोज तेच वाढत होतो आणि ती रोज थांबून होती. गव्हाला पंडुम नाही, तो आपल्या शिवारातला नाही, म्हणून पोळी चालते. सगळा हिशोब बसला. मी तिला विचारलं, आधी का नाही सांगितलं? म्हणाली, "सांगाचं काय त्यात? निरोप येते तवा येते. सुनेले कायले तरास देऊ?"

मग मला काकांचं मागच्या वर्षीचं येणं आठवलं. बसने आले होते, डोक्यावर तांदळाचं पोतं आणि धोतराच्या सोग्यात कुड्याच्या पानात बांधलेल्या तांदळाचा पुडा. चहा घ्यायच्या आधी त्यांनी पुडा आईच्या हातात दिला आणि म्हणाले, "वहिनी, नवं झालं. खा." मला वाटलं, म्हातारा वहिनीला भेट घेऊन आला. गायता स्वतः तिला मोकळं करायला इतक्या दूर आला होता, हे माझ्या लक्षातच आलं नाही. मी त्यांना फॅक्टरीची कॉलनी दाखवायला घेऊन गेलो.

म्हणून तुला कळकळीने विचारतो. तुमच्याकडे नवं झालं का? झालंच असेल, तुम्ही सगळे इतके महिने उपाशी थोडेच राहाल. काकांच्या मागे गायतापण तुझ्याकडेच आलं असणार. मग तू तिला निरोप दे. मी तिला म्हणून पाहिलं की झालं, इसरूने केलं, तू खा. म्हणजे इसरूने केलं असं नाही, झालं एवढंच म्हणालो. ती म्हणाली, "पुडा कुठी आहे?"

बाजारात जुना तांदूळ म्हणून एक आणला. तिने दाताने दाणे फोडले आणि दोन ढीग केले. अर्धा नवा निघाला. दुकानदाराला जाऊन बोललो तर तो म्हणाला, साहेब, आईला सांगा जुना आहे, खाईल. सगळ्या गावाला तिला फसवायचा सल्ला सुचतो. मलाही सुचला होता, तुझ्यापासून काय लपवायचं. पळसाचं पान आणलं, त्यात दुकानाचा तांदूळ बांधला. दीपाली म्हणाली, "हे पाप मी करनार नाई, तुमी करा आनि तुमीच द्या." पुडा माझ्या हातातच राहिला. आईला कुड्याचं पान आणि पळसाचं पान ओळखता येत नाही, असं मी स्वतःला का समजावत होतो, देव जाणे. दिव्याच्या सासूबाईंकडचा जुना तांदूळही आता संपला.

तेव्हा पुडा पाठव. नाहीतर निदान एक फोन कर, दीपालीच्या नंबरवर, तो खाली लिहितोय. आईला एवढंच सांग की नवं झालं. दुसरं काही बोलू नकोस. काकांचा विषय तर मुळीच काढू नकोस. तिला त्रास होतो.

तुझा,
लोकेश


भद्रावती,
९ फेब्रुवारी

इसरू,

जोहार लिहायची माझी लायकी उरली आहे का, मला माहीत नाही. तरी लिहितो. जोहार.

तू फोन केलास. मी घरी नव्हतो. जे झालं ते दीपालीने मला सांगितलं, आणि तू फोन ठेवल्यावर इकडे जे झालं ते तुला कोणीच सांगितलेलं नाही. म्हणून हे पत्र. पूर्ण वाच. मधेच फाडू नकोस.

दीपाली पीठ मळत होती. तुझं नाव दिसलं तसं तिने आधी आईला हाक मारली, "आई, या, इसरूभाऊचा फोन आहे, निरोप आला," आणि मग कोपराने फोन सुरू करून स्पीकरवर टाकला. आई खिडकीतून उठली. भिंतीला धरून चालते ती हल्ली. त्या दिवशी भिंत न धरता आली, असं दीपाली म्हणते. तुला वाटलं, तू फक्त दीपालीशी बोलतोयस. तू म्हणालास :

"लोकेशचं पत्र भेटलं. काकीले निरोप पाह्यजे म्हनते. माहा बाप मेला तवा निरोप नाई पाह्यजे होता का तिले? बाप शेवटी इचारत होता, वहिनी आली का, वहिनी आली का. मी म्हनलं येऊन राह्यली, रस्त्यात आहे. ते आली नाई. नवं आमी केलं. ज्याइनं मयताले खांदा देला, त्याइच्या घरी पुडे गेले. काकीले सांग, खाऊन घे म्हना, शहरात कोन पाह्यते."

आणि तू ठेवून दिलास.

इसरू, काकी तिथे उभी होती. तुझा प्रत्येक शब्द तिने ऐकला. आणि काका गेल्याचं तिला त्याच क्षणी कळलं.

पहिल्या पत्रात मी तुला लिहिलं की आईने मनाला लावून घेतलंय. तिने काहीच मनाला लावून घेतलं नव्हतं, कारण तिला ठाऊकच नव्हतं. मी सांगितलं नाही. तिला नाही, दिव्याला नाही, दीपालीलासुद्धा नाही. तुझा फोन स्टोअरमध्ये आला, मी हो म्हणालो आणि ते हो खिशात घालून घरी आलो. आईच्या हातात सुईची पट्टी होती, नुकतं रक्त काढलं होतं. मला वाटलं, उद्या सांगू. उद्या पाऊस होता. मग वाटलं, तेरवीनंतर सांगू, आता नेता येत नाही तर सांगून काय उपयोग. तेरवी झाल्यावर वाटलं, आता सांगितलं तर विचारेल की तेव्हा का नाही. पुढे तर रोज सांगणं आदल्या दिवसापेक्षा अवघड होत गेलं. ती निरोप विचारायची आणि मला वाटायचं तिला शंका आली, ती काकांबद्दलच विचारतेय. मी घाईने रेंज नाही म्हणायचो. ती बिचारी जेवायची परवानगी विचारत होती रे.

तिला धक्का बसू नये, तिची तब्येत सांभाळावी, म्हणून मी तोंड बंद ठेवलं आणि त्यानेच तिचं ताट बंद झालं. हे मी स्वतःला अनेकदा सांगून पाहिलं. अजून नीट समजत नाही, मी कुठे चुकत गेलो. प्रत्येक पायरी त्या त्या वेळी बरोबर वाटत होती.

दीपालीने मला फोन करून बोलावलं. मी आलो तेव्हा आई डोक्यावरून अंघोळ करून ओल्या केसांनी अंगणात बसली होती. दीपाली दारात, पिठाच्या हातांनी तशीच. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. मला वाटलं, आई रडेल, मला मारेल. लहानपणी मारायची तशी. ती शांतपणे म्हणाली :

"रैनू गेला, मले नाई सांगितलं. ठीक आहे. तू भेला असशीन. पन इसरूले काऊन असं वाटू देलं, का काकी आली नाई?"

ती हे गोंडीत बोलली. मी मराठीत लिहितोय, कारण शाळेने आपल्याला तेवढंच लिहायला शिकवलं. गोंडीत ते जास्त लागलं.

तिने पुन्हा विचारलं, "त्या पोराले मी वाढवलं. त्याचा बाप मरून पडला आनि मी नाई गेलो. तो कोनाच्या खांद्यावर रडला असन?"

याचं उत्तर तुलाच माहीत.

तेव्हापासून तिने पोळीही सोडली आहे. कोरा चहा घेते. दीपालीने हात जोडले, दिव्या नागपूरहून आली, तिने तर सिंदेवाहीच्या गावात जाऊन कोणाच्या तरी कोठीतून खराखुरा जुना तांदूळ मिळवून आणला. आईने हात लावला नाही. म्हणते, "आता जुन्या-नव्याचं नाई. इसरूच्या हातचं आलं तं खाईन." हा उपास आहे का, हट्ट आहे का, की माझ्यावरचा राग, काही कळत नाही. विचारलं तर म्हणते, राग नाही. आणि मला वाटतं खरंच नाही, त्याचंच जास्त वाईट वाटतं. डॉक्टर म्हणतात दाखल करा, सलाईन लावू. ती म्हणते, "सलाईन कोन्या पंडुमचं?" दिव्या हसली आणि मग आत जाऊन रडली.

मी म्हटलं, चल, आत्ता निघू, गाडी करतो, तुला इसरूकडे नेतो. ती नाही म्हणाली. "मयताले गेलो नाई, आता जेवाले जाऊ? त्यानं ये म्हनलं तं जाईन. आधी त्याले खरं सांग." खरं सांगणं हे काम तिने मला दिलं आहे, म्हणून हे सगळं लिहिलं. आधी फोनवरच सांगायचं ठरवलं होतं. तुझा फोन बंद येतो, आणि चालू असता तरी मी तिथेही रेंजच गेली म्हटलं असतं, अशी मला माझीच भीती वाटते.

ही चिठ्ठी धानोऱ्याच्या बसच्या कंडक्टरकडे देतोय, म्हणजे माझ्याआधी पोचेल. दुसऱ्या दिवशीच्या बसने मी स्वतः येतो. नाल्यापासून चालत येईन. मला घरात घेऊ नकोस. पाणी विचारू नकोस. वहिनींना बाहेर येऊ देऊ नकोस. मला जे बोलायचं ते पोटभर बोल, हातही उगारलास तरी मी उभा राहीन. काकांच्या आठवणीचा दगड कुठे ठेवलाय तेवढं बोटाने दाखव, मी लांबून डोकं टेकवीन.

पण पुडा बांधून ठेव. कुड्याच्या पानात मूठभर तांदूळ. माझ्या तोंडाकडे बघवलं नाही तर कुंपणावर ठेव, मी उचलून घेईन. आणि काकीला काय सांगायचं ते मला सांग. ये म्हणायचं असेल तर ये, खा म्हणायचं असेल तर खा, आणि काहीच म्हणायचं नसेल तर तेही सांग. या वेळी तू जे बोलशील ते मी जसंच्या तसं तिच्यापर्यंत नेईन. एक शब्द मागे ठेवणार नाही.

तिने तुला जोहार सांगितला नाही. म्हणाली, "जोहार मी माह्या तोंडानं सांगीन." तिला तेवढं बोलता येईल इतकी ताकद अजून आहे. उद्याचं मला माहीत नाही.

तुझ्या बापाचा निरोप ज्याने अडवला, आणि तुझा निरोप न्यायला जो तुझ्या दारात उभा राहणार आहे, तो,
लोक्या